न विकलेलं जांभळं रीळ

आमच्या थोरल्या मामांना ताप आला की थर्मामीटर आधी मामीला लावलं जातं. मामीला ताप नाही हे घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं, पण यंत्र खरं बोलतंय याची खात्री पटल्याशिवाय मामा ते स्वतःच्या तोंडात घालत नाहीत. थर्मामीटर तोंडात धरून मामी भांडी आवरत असते. तेवढा वेळ तिला बोलता येत नाही, आणि मामांचं निम्मं आजारपण तिथंच बरं होतं, असं धाकटे मामा म्हणतात.

लावलेलं कुलूप ओढून पाहणारी माणसं पुष्कळ असतात. मामा ओढून पाहतात, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जातात, परत येतात आणि पुन्हा ओढतात. एकदा त्या ओढाओढीत कडीच उपटून हातात आली. "बघितलंस? पाहिलं म्हणून कळलं. कडी कच्ची होती," असं म्हणून ते मोठ्या समाधानानं घरी आले. आम्ही भाचरं त्यांना खातरजमामामा म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे. हे नाव पहिल्यांदा कोणी काढलं याचा त्यांचा तपास अजून चालू आहे.

दोघा भावांचं दुकान एकच. दोरे, बटणं, चेन, हुक, लेस, अस्तर, म्हणजे कपडा सोडून कपड्याला लागणारं सगळं. जागा आगगाडीच्या डब्यासारखी लांबट. एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत छोटे छोटे खण आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खणाच्या दर्शनी फळीवर एकेक बटण ठोकलेलं. समोरच्या भिंतीला दोऱ्याच्या रिळांची फडताळं, पांढऱ्यापासून सुरू होऊन काळ्यावर संपणारी. मधे एक सरकती शिडी. पुढच्या काउंटरवर थोरले मामा सुटी गिऱ्हाइकं सांभाळायचे; मागच्या खोलीत धाकटे मामा शिवणकारखान्यांच्या ऑर्डरी आणि मालाची मागणी बघायचे. आजोबा गेले तेव्हा धाकटे मामा शाळेत होते. थोरल्यांनी त्यांना हाताला धरून दुकानात आणलं, शिडीवर चढायला शिकवलं, आणि ते खाली उतरेपर्यंत शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. हे दुकान आणि हा भाऊ एवढीच मामांची खरी मिळकत.

मालाचा हिशेब आरडाओरडीवर चालायचा.

"दादा, अबोली किती उरलंय?" मागून हाक यायची.

"आहे!"

"किती?"

"आहे म्हटलं ना!"

"अरे, पण मागवू का नको?"

"ते तू बघ. मी आहे तेवढं सांगितलं."

या संभाषणातून अबोली रंगाची इतकी रिळं येऊन पडली की पुढची काही वर्षं आमच्या घरातल्या सगळ्या उशांना अबोली टाके पडले. शेवटी धाकट्या मामांनी ठरवलं की बारकोडचं सॉफ्टवेअर आणायचं. प्रत्येक वस्तूला पट्ट्यापट्ट्यांचं स्टिकर. विकताना स्कॅनर धरला की बिलही होतं आणि स्टॉकमधून माल आपोआप कमीही होतो. मागच्या खोलीतल्या पडद्यावर किती उरलं ते दिसतं. ओरडायला नको.

"ओरडण्यात काय वाईट आहे?" मामांनी विचारलं. "निदान समोर माणूस आहे एवढं तरी कळतं."

सॉफ्टवेअरवाला आला. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी, हातात चपटी बॅग. आल्या आल्या त्यानं मामांना 'सर' म्हटलं आणि तिथंच मामांच्या मनातून उतरला. त्यांना याआधी सर म्हणणारा एकमेव माणूस विमा विकायला आलेला होता.

"हा लाल उजेड कसला?" मामांनी स्कॅनरकडे लांबूनच बोट दाखवलं.

"लेझर आहे, सर. काही काळजी करू नका."

"मी कुठं काळजी केली? तुम्हीच काळजीचं बोललात."

"तसं नाही, सर..."

"उजेड बंद केला तर चालतं का हे?"

"उजेडानंच चालतं, सर."

मामांनी मान डोलावली. त्यांची मान 'पटलं' म्हणताना डोलते तशीच 'बघतो तुला' म्हणतानाही डोलते. फरक फक्त मामीला कळतो.

मग सगळं घर स्टिकरं चिकटवायला बसलं. मामी चिकटवायची आणि मामा मागून येऊन नखानं कोपरा उचलून नीट चिकटलंय का ते पाहायचे. त्यामुळे ते निघायचं आणि पुन्हा चिकटवावं लागायचं. असं असूनही काम संपलं, आणि सगळ्यांना नवल वाटलं ते पुढंच. मामा स्कॅनर चालवायला एका दुपारीत शिकले. काउंटरवरून 'टुक्' आवाज यायचा, की मागच्या खोलीत धाकटे मामा खुशीत यायचे. गिऱ्हाईक आलं की टुक्. दोन रिळं घेतली की टुक् टुक्. धाकट्यांनी मामीला सांगितलंसुद्धा, "वहिनी, दादा सुधारला हो!"

"तुम्ही दोन दिवस थांबा," मामी म्हणाली. तिचा संसाराचा अनुभव मोठा.

पहिल्यांदा मोजणी झाली तेव्हा धाकटे मामा पडद्याकडे आणि फडताळाकडे आळीपाळीनं बघत राहिले. यंत्राच्या मते जांभळ्या रिळांचं फडताळ गच्च भरलेलं होतं. प्रत्यक्षात तिथं दोन रिळं एकमेकांना टेकून उभी होती. नारिंगी तसंच. पोपटी तर नावालाही नव्हतं, पण यंत्रात खच्चून होतं. आणि पांढऱ्याची तऱ्हा उलटी. फडताळात पांढरी रिळं नांदत होती आणि पडद्यावर आकडा होता वजा साठ.

"वजा साठ म्हणजे?" मामांनी विचारलं.

"म्हणजे होती त्यापेक्षा साठ जास्त विकली गेली."

"नसलेली रिळं विकली? आणि गिऱ्हाइकांनी ती घेतली?"

"अरे दादा, यंत्र तसं म्हणतंय."

"मग यंत्राला सांग, ती नसलेली साठ रिळं कुठं ठेवलीत ते दाखव. मी उचलून आणतो."

सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. त्यानं बॅग उघडली, बराच वेळ टकटक केली, बॅग मिटली आणि हसून म्हणाला, "सर, सॉफ्टवेअर चुकत नाही. चुकतात ती माणसं."

हे वाक्य तो गल्लोगल्ली म्हणत असणार, आणि मोठ्या दुकानात ते खपतही असेल. पण या दुकानात माणसं दोनच होती. तो गेला आणि दोघं भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच.

मामांचा संशय म्हणजे एरवी घरातलं पाळीव जनावर. कुलपावर गुरगुरायचं, दुधाला हुंगायचं, कोणाला चावायचं नाही. आता त्याला मोकळं रान मिळालं. पांढरं जागच्या जागी आहे आणि रंगीत जातंय, म्हणजे नेणारा रंग पारखून नेतोय. घाऊक गिऱ्हाइकं मागच्या दारानं येतात. मागचं दार कोणाकडे? धाकट्याकडे. शिवाय धाकट्याचा मेहुणा दोन रस्ते पलीकडे नवं दुकान टाकणार अशी बातमी होती. मामा एका दुपारी तिथं जाऊन पाहून आले.

"कसलं दुकान आहे?" मामीनं विचारलं.

"चपलाबुटांचं."

"मग झालं तर!"

"झालं काय? बूट शिवायला दोरा लागतोच की."

"जांभळा?"

 त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मामांनी मागच्या दाराच्या चौकटीला आडवा एक बारीक दोरा बांधला, कोणी गुपचूप आलं-गेलं तर तुटावा म्हणून. सकाळी दोरा शाबूत आहे का ते बघायला ते लगबगीनं सर्वांच्या आधी गेले, दार उघडलं, आत शिरले आणि दोरा तुटला. आता तो आधीच तुटलेला होता की आपण तोडला, याचा निर्णय त्यांना दुपारपर्यंत लागेना. शेवटी त्यांनी तो संशयाचा फायदा न देता धाकट्याच्याच खाती टाकला.

धाकटे मामाही त्याच आजोबांचे चिरंजीव. त्यांनी जांभळ्या फडताळाच्या कडेला खडूची बारीक रेघ ओढून ठेवली. मामांच्या नजरेतून ती सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी ती बोटानं पुसली, बोट हुंगलं आणि मागच्या खोलीच्या दिशेनं नुसतं "हं" केलं. त्या 'हं'नंतर दोघांमधलं बोलणं दुकानापुरतं उरलं. "सुया संपल्या." "मागवल्या." "बरं." जेवताना मामीला मधे बसून मीठसुद्धा दोनदा फिरवावं लागायचं, कारण एकाच्या हातचं दुसरा घेईना.

एके दिवशी मामांच्या तोंडून निघालंच, "मालाला काही पाय फुटत नाहीत."

"म्हणजे मी नेतो?" धाकटे मामा खुर्चीतून उठले.

"मी नाव घेतलं का कोणाचं?"

"दादा, दुकानात आपण दोघं आहोत. नाव घ्यायचं नसेल तर तिसरं माणूस तरी आण!"

मामांनी काउंटरवरची बटणं गोळा करायला घेतली. ते 'नाही रे' म्हणतील म्हणून धाकटे मामा थांबले.  मग म्हणाले, "ठीक आहे. मधे फळ्यांची भिंत घालू. पुढचं दुकान तुझं, मागचं माझं. दार मी मागच्या रस्त्याला काढतो. मग जांभळं तुझं तू सांभाळ."

"घाल," मामा म्हणाले.

त्या दिवशी घरी मामीला दोन चुली दिसायला लागल्या. भिंत घातली की गोष्ट दोन दुकानांवर थांबत नाही. पुढे घरही दोन होतं, मुलं दोन्हीकडची होतात आणि आजारपणात थर्मामीटर वेगळं आणावं लागतं. ती मामांशी बोलेनाशी झाली आणि हे मामांना थर्मामीटरशिवाय साधलेलं पहिलं मौन. पण त्यांना त्याचा आराम काही वाटला नाही.

सुतार आला त्या सकाळी मी कोटाची बटणं घ्यायला गेलो होतो. काउंटर एका बाजूला सरकवलेला, सुतार कानावर पेन्सिल ठेवून टेप लावतोय, त्याच्या मागून मामा आपली टेप लावून तेच माप पुन्हा घेतायत. धाकटे मामा स्कॅनर आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेले, चेहरा पाटीसारखा कोरा.

"शेठ, दोन बोटांचा फरक येतोय," सुतार म्हणाला.

"माझ्या टेपनं येत नाही."

"मग तुमच्या टेपनं भिंत बांधू का?"

तेवढ्यात शिवणवाल्या बाई आत आल्या. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान. बोलणं कात्रीसारखं, दोन पाती आणि मधे सापडेल ते. त्यांनी पिशवीतून जांभळ्या दोऱ्याचं एक कोरं रीळ काढून धाकट्या मामांपुढे धरलं.

"हे बदलून द्या हो. गिऱ्हाईक बाईंचं मन फिरलं, आता तपकिरी हवंय म्हणे."

जांभळं म्हटल्याबरोबर दोन्ही टेपा थांबल्या. धाकट्या मामांनी रीळ स्कॅनरखाली धरलं. टुक्. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा धरलं. टुक्.

"बाई, हे तुम्ही आमच्याकडून नाही घेतलेलं."

"काय?"

"यंत्र आल्यापासून काउंटरवरून जांभळं रीळ एकसुद्धा विकलं गेलेलं नाही."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. हे लक्षण वाईट. "म्हणजे मी काय ते चोरलं? का माझ्या अंगणात उगवलं?"

"तसं नाही म्हणत मी, पण..."

"पण काय पण? गेल्या आठवड्यात, ह्या इथं, ह्या दादांनी मला दिलं!" त्यांचं बोट मामांवर. "बिलावर 'पांढरं' आलेलं बघून मी विचारलंसुद्धा. तर म्हणाले, दाम एकच आहे, रंगाचं काय एवढं. पांढरं रीळ यंत्राला दाखवलं आणि जांभळं मला दिलं. नेहमीच तसं करतात! विचारा की त्यांनाच!"

आता सगळेच मामांकडे बघायला लागले. सुतारही बघत होता. त्यानं पेन्सिलसुद्धा कानावरून काढली.

"दादा," धाकटे मामा हळूच म्हणाले, "तू पांढरं दाखवतोस?"

मामांनी टेप गुंडाळायला घेतली. "दाखवतो."

"सगळ्या रंगांना?"

"रंगीत असेल त्याला."

"का?"

"लेझर आहे तो," मामा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात अपराधीपणा नव्हता, कळकळ होती. "समोरच्या केशकर्तनवाल्याच्या दंडावर एक नाव गोंदलेलं होतं. जुनं. लग्न ठरलं तसं त्यानं ते काढून घेतलं. कशानं काढलं? लेझरनं! कातडीत शिरलेली शाई जर तो उजेड खाऊन टाकतो, तर दोऱ्याचा रंग ठेवेल का? आज कळणार नाही, पण चार धुण्यांनंतर कापड गर्द आणि टाके फिके. बोलणी कोणाला बसणार? पांढऱ्याला जायला रंगच नाही. म्हणून एक पांढरं खणात ठेवलं होतं, तेच दाखवत होतो. दाम तेच. बिल बरोबर. यंत्राला काय फरक पडतो?"

सुतार मोठ्यांदा हसला. बाईंचीही पाती मिटली; त्यांनी पदराआड तोंड फिरवलं. मीही बटणांच्या खणात तोंड घातलं. स्टोव्हवरचं दूध उतू जावं तसं हसू दुकानभर झालं, आणि त्याच्या मधोमध दोघंच कोरडे उभे होते.

"मला सांगितलं असतंस तर?" धाकट्या मामांनी विचारलं.

"तू हसला असतास."

"हसलो असतो. एवढंच झालं असतं ना, दादा?"

 धाकट्या मामांनी बाईंना तपकिरी रीळ दिलं, आणि सुताराकडे वळून म्हणाले, "माप झालं ना? मग फळ्या घेऊन या."

"अहो, पण आता कळलं ना चोर कोण ते?" सुतार म्हणाला.

"माल कुठं गेला ते कळलं. मला चोर ठरवलं होतं ते तसंच आहे."

मामीला सगळं समजलं तेव्हा तिचं मौन सुटलं, आणि साठलेलं सगळंच एकदम सुटलं. "जा आणि बोला त्याच्याशी!"

"काय बोलू?"

"चुकलं म्हणा."

"चुकलं ते त्याला कळलंय."

"तुम्हाला कळलंय हे त्याला कळू द्या!"

मामा दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. मी पाहत होतो. कुलपाच्या बाबतीत इतके हेलपाटे घालणाऱ्या माणसाला भावाच्या दारावर टकटक करता येईना.

पण यंत्राचं एक होतं. पांढऱ्याचं वजा आणि जांभळ्याचं अधिक घेऊन मालाचे दोन हिस्सेसुद्धा पडेनात. सगळं दुकान एकदा हातानं मोजून खरे आकडे भरणं भाग होतं. सुट्टीच्या दिवशी दोघं भाऊ दार ओढून मोजायला लागले. धाकटे मामा शिडीवर. एकेक रंगाचं एक रीळ खाली टाकायचे आणि आकडा सांगायचे. मामांनी स्कॅनर धरायचा आणि आकडा दाबायचा. पहिलं लाल रीळ उजेडाखाली धरताना मामांनी डोळे मिटून घेतले. टुक्.

"लाल. बावीस."

"बावीस."

"गुलाबी. नऊ."

"नऊ."

बराच वेळ असंच चाललं. दोघांपैकी एकही आकड्यापलीकडे शब्द बोलेना. आणि मग धाकट्या मामांच्या लक्षात आलं की दादा एकदाही शिडीजवळ आलेला नाही. एकदाही 'नक्की?' म्हणालेला नाही. आपण म्हणतो तो आकडा खाली मान घालून दाबतोय. त्यांनी पुढचं खोकं ओढलं आणि खाली दादाकडे पाहिलं.

"पिवळं," ते म्हणाले. "अडीचशे."

खोकं दोन तळहातांएवढं. त्यात काय मावेल ते खालून आंधळ्यालाही दिसलं असतं. मामांनी वर खोक्याकडे पाहिलं. भावाकडे पाहिलं.  मग त्यांनी एकेक कळ दाबली. दोन. पाच. शून्य.

"दाबलंस?"

"दाबलं. पुढचं बोल."

"दादा, एवढ्याशा खोक्यात अडीचशे?"

"तू म्हणालास."

धाकटे मामा शिडीच्या पायरीवरच बसले. खोकं मांडीवर घेतलं आणि आत पाहिलं. "सोळा आहेत," ते म्हणाले.  "पूस ते."

मामांनी पुसलं. सोळा केलं.

"वर ये. मोजून घे."

"नको."

"अरे, मोज म्हणतो ना! तू असा निमूट बसलास तर मला वाटतं तुला ताप भरलाय!"

मामा चढले. शिडी करकरली. दोघं भाऊ एका पायरीवर दाटीवाटीनं टेकले आणि मामांनी पिवळी रिळं एकेक करून बोटानं बाजूला सारली.

"सतरा," ते म्हणाले. "एक मागे आडवं झालंय."

"बघू," असं म्हणून धाकट्या मामांनी खोकं हिसकावून घेतलं आणि स्वतः मोजायला लागले.

तेवढ्यात दार किलकिलं करून मामीनं आत डोकं घातलं. "सुतार आलाय. गाडीतून फळ्या उतरवू का म्हणतोय."

"परत ने म्हणावं," धाकटे मामा मान वर न करता म्हणाले. "आणि वहिनी, मधे बोलू नका हो, आकडा चुकतो!"